कालच्या बातम्या, दुपारी दोन वाजता

आर्नुल्फ रोज दुपारी दोन वाजता बातम्या बघायचा, त्याही आदल्या दिवशीच्या. संध्याकाळी बातम्यांची वेळ झाली की गुनवोर व्हीसीआरमध्ये कॅसेट सारायची, लाल ठिपक्याचं बटण दाबायची आणि विणकाम घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायची. बातम्या, हवामान, नंतर जे काही लागेल ते सगळं निमूटपणे टेपवर उतरत राहायचं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटपली, कॉफी झाली, की नवराबायको कोचावर शेजारी शेजारी बसत आणि आर्नुल्फ म्हणे, "चल, बघू काल काय झालं ते."

हे खूळ जुनं होतं. आर्नुल्फचा सगळा जन्म उत्तर नॉर्वेतल्या मासेमारीच्या ट्रॉलरवर गेला. दोन-तीन आठवडे बारेंट्स समुद्रात, मग काही दिवस घरी, मग पुन्हा समुद्रात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो एकदा घरी आला, तर दुकानात, धक्क्यावर, जिकडे तिकडे लोक कुठल्याशा स्की-शर्यतीबद्दल बोलत होते. याला त्यातलं ओ का ठो माहीत नाही. घरी येऊन तो म्हणाला, "मी काय मेलो होतो का गं इतके दिवस?" म्हणाला हसतच, पण गुनवोरच्या ते मनाला लागलं. तिने मासळीच्या फॅक्टरीतल्या आपल्या पगारातून व्हीसीआर घेतला आणि पुढच्या सफरीपासून रोजची संध्याकाळ टेप करायला सुरुवात केली. आर्नुल्फ परतला की आधी आंघोळ, मग झोप, आणि उठला की पहिल्या संध्याकाळपासून क्रमाने सगळं बघणं. मधे कुणी काही सांगायचं नाही. एकदा निवडणूक झाली, सरकार बदललं, पण आर्नुल्फपाशी गावात कुणी ब्र काढला नाही. दुकानवाल्या बिरगितने तर तो आत येताना दिसताच वर्तमानपत्रांवर बटाट्याचं पोतं ठेवलं होतं.

तो निवृत्त झाला तेव्हा गुनवोरला वाटलं, सुटलो, आता सगळ्यांसारखं बघू. पहिल्या संध्याकाळी आर्नुल्फ बातम्यांसमोर बसला आणि पाचव्या मिनिटाला चुळबुळायला लागला.

"ही बाई थांबतच नाही," तो म्हणाला.

"थांबेल कशी? बातम्या सांगतेय ती."

"हो, पण मला मधेच काही बोलायचं असलं तर?"

तेव्हा गुनवोरच्या ध्यानात आलं. टेपवर आर्नुल्फ 'थांब' म्हणायचा, ती बटण दाबायची, आणि बातम्यांतली बाई अर्धवट उघड्या तोंडाने थरथरत उभी राहायची. मग हा विचारायचा, "हे बंदर मुरमान्स्कच्या अलीकडे की पलीकडे?" त्यावरून निघायचं एखाद्या वादळाचं, एखाद्या खलाशाचं, कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाचं. दोघांच्या संसारातलं निम्मं बोलणं त्या बाईला तसं ताटकळत ठेवूनच झालं होतं. एरवी आर्नुल्फ बोलका नव्हे. तेव्हा गुनवोरने दुसऱ्याच दिवशी कॅसेट परत आत सारली. पुढे छपरावरच्या अँटेनाचे सिग्नल बदलले, तर मधे एक लहानसा डबा जोडून त्यांनी तेही निभावून नेलं.

गुनवोरला सत्तर वर्षं पूर्ण झाली त्या नोव्हेंबरात मुलगी सिल्ये त्रोम्सोहून आली. येताना गाडीत दारापेक्षा थोडाच लहान असा नवा टीव्ही. आईवडील शेजारच्या गावी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. तेवढ्यात पोरीने सगळा बेत तडीस नेला. जुना टीव्ही, व्हीसीआर, तो डबा, सगळं गाडीत घालून कचरा-केंद्रावर पोचवलं. कॅसेटी मात्र खोक्यांत भरून शेडमध्ये ठेवल्या. नवा टीव्ही भिंतीवर लावला आणि वाफल्स करून वाट बघत बसली.

"बाबा, आता काहीही बघ, कधीही बघ," ती म्हणाली. "पाहिजे तिथे थांबव, पाहिजे तिथून पुढे जा. टेपबिप काही नको."

पोरीचा चेहरा आनंदाने असा फुलला होता की दोघांनाही काही बोलवेना. आर्नुल्फने वाफलवर तपकिरी चीज ठेवलं आणि म्हणाला, "मोठा आहे हं."

सिल्ये परत गेली. दोन वाजले. आर्नुल्फने नवा रिमोट हातात घेतला. पडद्यावर खिडक्याच खिडक्या उघडल्या, प्रत्येकीत कुणीतरी हसत होतं नाहीतर बंदूक रोखून उभं होतं. कशाबशा कालच्या बातम्या सापडल्या. त्याने थांबवल्या आणि गुनवोरला काही सांगायला लागला. सांगणं जरा लांबलं. तर बातम्यांतली बाई नाहीशी झाली, पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली: 'अजून बघताय ना?'

"हिला काय करायचंय?" आर्नुल्फ म्हणाला.

"अरे, ते आपोआप येतं."

"विचारायची पद्धत असते काही. आपल्या घरात बसून आपल्यालाच विचारते?"

त्याने रिमोट ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी नाही. दुपारी तो कोचावर आडवा होऊ लागला. नोव्हेंबर सरत आला होता, सूर्य दोन महिन्यांच्या रजेवर गेला होता, दोन वाजता बाहेर काळोख. आर्नुल्फ भिंतीकडे तोंड करून पडायचा. तक्रार एका शब्दाची नाही. तक्रार करता तर गुनवोरला बरं वाटलं असतं.

शेवटी एका सकाळी ती पायाने ढकलायची घसरगाडी घेऊन निघाली. कचरा-केंद्रावरचा माणूस सज्जन होता, पण म्हणाला, "गाडी सोमवारीच गेली, गुनवोर. आतापर्यंत त्याचे तुकडेसुद्धा झाले असतील." तिथून ती बिरगितच्या दुकानात गेली.

"व्हीसीआर?" बिरगित म्हणाली. "गेल्या वर्षी पुष्पराणी विचारत होती, मशीन साफ करायची कॅसेट मिळेल का म्हणून. तिच्याकडे असणार बघ."

पुष्पराणी आणि गुनवोर मासळीच्या फॅक्टरीत एकाच पट्ट्यावर उभ्या राहून वर्षानुवर्षं माशांचे काटे काढत होत्या. कानांवर आवाज अडवणारी बोंडं, हातांत सुऱ्या, समोरून सरकणारा कॉड मासा. पुष्पराणी श्रीलंकेतल्या जाफन्याहून आलेली, नवरा तवराजाही फॅक्टरीतच. दोघींनी जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना बिस्किटं दिली होती, एकमेकींच्या मुलांची नावं माहीत होती. पण गुनवोर तिच्या घरी कधी गेली नव्हती. जायचं कारणच निघालं नव्हतं. धक्क्यावरून चढण चढताना तिला याची जरा लाजच वाटली.

दार पुष्पराणीनेच उघडलं. "गुनवोर अक्का! या, या. पडलात की काय बर्फात?"

"पडले नाही गं. काहीतरी मागायला आलेय."

गुनवोरने दारात बूट काढले. आत दुधाचा गोड चहा आला, बरोबर गरम गरम वडे. चहा होईपर्यंत पुष्पराणीने तिला काही विचारू दिलं नाही. मग गुनवोरने सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाली, "तुझ्याकडे मशीन असलं आणि पडून असलं, तर विकत देशील का?"

"आहे," पुष्पराणी म्हणाली. "पण विकणार नाही, अक्का. राग मानू नका."

"राग कसला. तूही वापरतेस अजून?"

पुष्पराणीने कपाटावरची एक कॅसेट खाली काढली. तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची. लढाई चालू असताना गावी जाणं शक्य नव्हतं. ही कॅसेट कुणाकुणाच्या सामानातून कोलंबोला आली, तिथून इकडे. थोरल्या मुलाने ऑस्लोतल्या एका दुकानातून तिची डिस्क करून आणली होती.

"छान केली त्यांनी," पुष्पराणी म्हणाली. "रंग उजळ केले, वर गाणं घातलं. आणि सुरुवातीचं सगळं कापून टाकलं. म्हणाले, यात काही नाहीच."

"काय होतं त्यात?"

पुष्पराणीने कॅसेट आत घातली. जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीवर आधी मुंग्या आल्या, मग एक वाकडी जमीन दिसू लागली. कॅमेरा चालू आहे हे कॅमेरावाल्याला माहीतच नव्हतं बहुतेक. त्याचे पाय दिसत होते, एक मांजर दिसलं, मग चुलीचा धूर, आणि एकदम पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी हातात झारा घेऊन अंगावर आली आणि तारस्वरात ओरडायला लागली.

"ही माझी आई," पुष्पराणी म्हणाली.

"काय म्हणतेय?"

"स्वयंपाकघरात चपला घालून आलास, मेल्या, काढ आधी!"

गुनवोरला इतकं हसू आलं की चहा सांडला. तिची स्वतःची आई मरेपर्यंत दारात उभी राहून हेच ओरडत होती, फक्त बुटांबद्दल.

"उद्या दोनला अण्णांना घेऊन या," निघताना पुष्पराणी म्हणाली. "तुमच्या टेपा आणा. मशीन काय, कुणाचीही टेप फिरवतं."

आर्नुल्फ यायला तयार नव्हता. "लोकांच्या घरी जाऊन टीव्ही बघायचा? भिकाऱ्यासारखा?" पण गुनवोरने शेडमधून हाताला लागतील त्या कॅसेटी पिशवीत भरल्या आणि त्याच्यासमोर त्याचे बूट आणून ठेवले. तो गेला. पुष्पराणीच्या कोचाच्या अगदी कडेला टोपी मांडीवर घेऊन बसला.

"वडा घ्या ना, अण्णा."

"आन्ना?" आर्नुल्फने मान वर केली. "आन्ना तर माझ्या आत्याचं नाव होतं."

"आमच्यात थोरल्या भावाला म्हणतात."

"असं होय," तो म्हणाला आणि वडा घेतला. जरा वेळाने म्हणाला, "आत्यालाही आवडलं असतं. मिशा होत्या तिला."

तवराजा शेजारच्या खोलीतून हसत बाहेर आला. पिशवीतून जी वर आली ती कॅसेट लावली. कुठल्यातरी जुन्या हिवाळ्यातली संध्याकाळ होती. बातम्या झाल्या आणि हवामानाचा नकाशा आला. एक काठीवाला माणूस किनाऱ्यावरून खालून वर सरकत सरकत सांगू लागला. पुष्पराणी चहाचा पेला हातात धरून तशीच थांबली. काठी वर त्यांच्या फिनमार्कपर्यंत पोचली तेव्हा तिने त्या माणसाच्या आधीच म्हटलं, "वायव्येकडून जोराचा वारा, किनाऱ्यावर हिमवर्षाव."

आणि तो माणूस अक्षर न् अक्षर तेच बोलला.

"थांब," आर्नुल्फ म्हणाला. तवराजाने बटण दाबलं. काठीवाला थरथरत उभा राहिला. "तुला कसं ठाऊक?"

"आम्ही नवीन आलो तेव्हा रोज हेच बघायचो," पुष्पराणी म्हणाली. "बाकी काही कळायचं नाही. बातम्यांत माणसं भराभरा बोलायची. हा मात्र सावकाश बोलायचा, काठीने दाखवायचा, आणि दुसऱ्या दिवशी दाराबाहेर तसंच व्हायचं. वारा म्हणाला की वारा, बर्फ म्हणाला की बर्फ. मी नॉर्वेजियन शिकले ती याच्याकडून. फॅक्टरीत पहिल्या दिवशी मुकादमाने विचारलं, कशी आहेस? मी म्हटलं, अंशतः ढगाळ."

आर्नुल्फ मोठ्याने हसला. गुनवोरने गेल्या कित्येक आठवड्यांत ते हसणं ऐकलं नव्हतं. तिने खाली मान घालून विणकामाचे टाके मोजल्यासारखं केलं.

तेव्हापासून दोनला तिकडे जाणं सुरू झालं. कधी आर्नुल्फच्या जुन्या टेपा, कधी तिकडचे सणवार, बारशी, लग्नं. कोण कुणाचा मामा आणि कोण कुणावर रुसलाय हे आर्नुल्फला तोंडपाठ झालं. तोही घरच्यासारखा मधे मधे 'थांब' म्हणायचा, आणि मग पुष्पराणी सांगायची, या घराचं छप्पर पुढे कसं उडालं, ही मुलगी आता कॅनडात कशी आहे. धाकट्या बहिणीबद्दल तिने एकदाच सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती आणि तिचा नवरा दोघंही लढाईत गेली. त्या दिवशी बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही.

जानेवारीत घात झाला. तीच लग्नाची कॅसेट लावली होती. म्हातारी झारा घेऊन आली, ओरडली, गेली, मंडपात वाजंत्री सुरू झाली आणि एकदम चित्र आडवं फाटलं. मशीनमधून कुरतडल्यासारखा आवाज आला. तवराजाने धावत जाऊन प्लग ओढला. कॅसेट बाहेर येईना. पुष्पराणीच्या तोंडचं पाणी पळालं. ती दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली.

"ऑस्लोला पाठवू," तवराजा म्हणाला. "त्या दुकानवाल्यांना—"

"ते कापतील," पुष्पराणी म्हणाली.

आर्नुल्फने टोपी बाजूला ठेवली. "स्क्रूड्रायव्हर आहे का घरात? मी आधी हात धुऊन येतो."

त्याने साबणाने मनगटापर्यंत हात धुतले आणि मशीनचं वरचं झाकण काढलं. टेपचा एक फेरा आतल्या रुळाला गुंडाळला गेला होता. आर्नुल्फने करंगळीने रूळ उलटा फिरवत, जाळ्यात अडकलेला मासा सोडवावा तसा, तो फेरा सोडवला. टेप एका जागी तुटली होती आणि तुटल्याच्या दोन्ही बाजूंना चुरगळली होती, वीतभर लांब.

"एवढी जाणार," त्याने दाखवलं. "बाकीची राहील. पण आज नाही करणार मी."

"का?"

"जाळी आयुष्यभर विणली. हे कधी केलं नाही. आधी हात बसू दे."

घरी येऊन त्याने शेडमधून आपली एक कॅसेट काढली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरं कापड पसरलं, कॅसेटचे स्क्रू उघडले आणि धडधाकट टेप मधोमध कापली. गुनवोर बघत राहिली. "अरे, कुठली आहे ती?"

"बघितली नाही. बघितली असती तर कापवली नसती."

चर्चच्या ऑर्गनवादकाकडे जुन्या टेपरेकॉर्डरसाठीची पातळ चिकटपट्टी निघाली. ती आडवी लावायची, टेपच्या पाठीच्या बाजूने, आणि दोन्ही कडा ब्लेडने अशा साफ करायच्या की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. पहिला जोड तिरका झाला, दुसरा जाड. आर्नुल्फ चष्म्यावर चष्मा लावून बसायचा, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. गुनवोर समोर दिवा धरायची. तीन-चार दिवसांत त्याच्या त्या टेपचे किती तुकडे झाले आणि किती जोड बसले, देव जाणे. मग एका सकाळी त्याने ब्लेड कागदात गुंडाळलं आणि म्हणाला, "चल."

पुष्पराणीने तोवर मशीन पुसून, आतून फुंकर मारून तयार ठेवलं होतं. आर्नुल्फने आधी आपली जोडाजोडीची टेप फिरवून बघितली. जोडापाशी चित्र एक उडी मारायचं आणि पुढे जायचं. मग त्याने लग्नाची कॅसेट उघडली. खोलीत कुणी हलत नव्हतं. चुरगळलेला तुकडा कापला, टोकाला टोक भिडवलं, पट्टी लावली, कडा तासल्या आणि कॅसेट मिटवली. तो तुकडा त्याने पुष्पराणीच्या हातावर ठेवला. तिने तो न बघता मुठीत धरला.

टेप फिरली. जमीन, मांजर, धूर. म्हातारी आली आणि कडाडली. आर्नुल्फने सवयीने आपल्या पायांकडे बघितलं. पायात नुसते लोकरीचे मोजेच होते. मग मंडप, वाजंत्री, एक उडी. वाजंत्रीवाला ढोलकं उचलत होता तो एकदम वाजवायलाच लागला, आणि मागोमाग नवरी आली. खाली मान घातलेली, नाकावर घामाचे थेंब असलेली, जेमतेम विशीची.

पुष्पराणी रडली. तवराजा स्वयंपाकघरात जाऊन चहाची भांडी उगाच वाजवत राहिला. आर्नुल्फ ब्लेड कागदात गुंडाळत म्हणाला, "ढोलकंवाल्याचंच थोडं गेलं."

"जाऊ दे त्याचं," पुष्पराणी डोळे पुसत म्हणाली. "बेसूर होता मेला."

ईस्टरला सिल्ये आली. दुपारी दोन वाजता घर मोकळं. नव्या टीव्हीवर गुनवोरने धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल टाकला होता. सिल्येने दुकानात विचारलं, बिरगितने बोटाने चढण दाखवली. ती पोचली तेव्हा पुष्पराणीकडे खोली भरलेली होती. शेजारच्या गावातलं एक तमिळ कुटुंब आलं होतं, त्यांची एक टेप ओल धरून चिकटली होती. आर्नुल्फ खिडकीपाशी पांढरं कापड पसरून बसला होता आणि बाकीची माणसं त्याच्याकडे डोळे लावून वडे खात होती.

सिल्ये दारातच उभी राहिली. परत येताना, उतारावर, ती आईला म्हणाली, "मी टाकून द्यायला नको होतं गं. विचारायला तरी हवं होतं."

"हो, विचारायला हवं होतंस," गुनवोर म्हणाली. तिने मुलीचा दंड धरला, कारण उतारावर बर्फ वितळून पुन्हा गोठला होता. "पण तू टाकलंस म्हणून मी पुष्पराणीच्या घरी गेले. नाहीतर गेले नसते, खरं सांगते."

"मी दुसरं मशीन शोधते, आई. त्रोम्सोत कुणी ना कुणी विकत असेल."

"शोध. पण इथे नको लावू." गुनवोरने थांबून श्वास घेतला. खाली धक्क्यावर नावा हलत होत्या, आणि त्यांच्यावर लख्ख ऊन होतं. "ते तिच्याकडेच ठेवायचं. तिचं मशीन थकलंय, तुझे बाबा म्हणतात. दुसरं हाताशी असलेलं बरं."

मागून आर्नुल्फची हाक आली. त्याला त्या चिकटलेल्या टेपसाठी मऊ ब्रश हवा होता, आणि तो घरी शेडमध्ये राहिला होता. सिल्ये म्हणाली, "मी आणते," आणि बर्फावरून जपून, भराभर उतरायला लागली.